त्या रात्री पुढे मी जायचं होतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारे माजी सैनिक हिंगोली जिल्ह्यातले आहेत. हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता थोडी शेती आणि बँकेच्या शाखेवर सुरक्षारक्षकाची नोकरी. शेजारच्या गावचे एक नायब सुभेदार त्यांचे प्लाटून कमांडर होते. आठ वर्षांपूर्वी ताबारेषेजवळच्या चकमकीत ते शहीद झाले. पंचक्रोशीत त्यांना मोठा मान होता. सुट्टीवर आले की भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पळवायचे, आणि भावकीतली भांडणंही लोक त्यांच्याच ओट्यावर आणायचे. आता गावात स्मारक समिती झाली आहे. मुख्य चौकात रायफल घेतलेला पूर्णाकृती पुतळा बसवायचं ठरतंय. दरवर्षी पुण्यतिथीला पत्रलेखकाला मंचावर बसवतात. यंदा ‘जरा दणक्यात बोला, साहेबांनी किती मारले ते सांगा’ अशी सूचना आली. साहेबांच्या पत्नीला पुतळ्याबद्दल कोणी काही विचारलेलं नाही. ‘मला कुणी इचारलं बी नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या. मध्यंतरी परभणीला शिकणारी साहेबांची मुलगी वडिलांची डायरी घेऊन आली. ‘काका, यातलं मला काही कळत नाही. बाबा तिकडं कसे होते? शेवटी काय झालं?’ काम आहे असं सांगून पत्रलेखक उठले. कारण त्या रात्री पुढे जायची पाळी त्यांची होती. ‘तू मागं थांब’ म्हणून साहेब स्वतः पुढे गेले. ‘माझं मरण साहेबांनी घेतलं, हे त्या लेकराला कोणत्या तोंडानं सांगू?’ असं ते विचारतात. भाषण करावं का आणि पुतळ्याला विरोध करावा का, हे त्यांचे आणखी दोन प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर:

हवालदार साहेब, जय हिंद.

तुमच्या चार पानी पत्रात साडेतीन पानं पुतळा, समिती आणि भाषण यांच्यावर आहेत. त्या रात्रीबद्दल अगदी शेवटी पाच ओळी आहेत, त्याही बारीक अक्षरात. मी त्या ओळींपासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न तिथेच अडलेत असं मला वाटतं. मंचावर उभं राहिलं की घसा बसतो, पंगत पडायच्या आत तुम्ही गाडीला किक मारता, वहिनी समोर आल्या की मान खाली जाते, हे सगळं तुम्हीच लिहिलं आहे.

‘माझं मरण साहेबांनी घेतलं.’ आठ वर्षं तुम्ही हे वाक्य स्वतःला ऐकवत आला आहात. ते मला पटत नाही. पाळी कुणाची हे लावणारे साहेब होते, आणि त्या रात्री ती बदलणारेही साहेबच. का बदलली? ती वाट त्यांच्या जास्त पायाखालची होती का? समोरची हालचाल त्यांना आधी दिसली का? तुम्ही थकलेले होतात, की त्या घडीला मागची बाजू सांभाळायला त्यांना तुमच्यासारखा जुना माणूस हवा होता? पत्रात तुम्ही स्वतःच्या अपराधाबद्दल लिहिलंत. साहेबांना काय दिसलं असेल याबद्दल एक अक्षर नाही. ज्यांच्या शब्दावर तीस-पस्तीस जण अंधारात चालायचे, त्यांचा शेवटचा निर्णय तुम्ही त्यांच्याकडून काढून घेऊन स्वतःच्या नावावर लावला आहे. हवालदार साहेब, तो निर्णय त्यांचा होता. तो त्यांच्याच नावावर राहू द्या. पुढारपण करणाऱ्या माणसाचा मान राखायचा तर एवढं तरी आपण केलं पाहिजे.

परमवीर चक्र मिळालेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर तुम्हाला ठाऊक असतील. त्यांची फौजेतली सुरुवात हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात झाली. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्याच. पुढे ते पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख झाले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर ११ सप्टेंबरला ते जखमी झाले. मागे जायला त्यांनी नकार दिला आणि रेजिमेंटच्या पुढे राहिले. १६ सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्याला आग लागली आणि त्यांना वीरमरण आलं. आपण पडलो तर काय करायचं हे त्यांनी सहकारी मेजरला आधीच सांगून ठेवलं होतं. अंत्यसंस्कार रणभूमीवरच करा, प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, पेन मुलाला द्या. तेव्हा त्यांना बळजबरीने मागे का पाठवलं नाही, असा दोष पूना हॉर्सच्या जवानांना आजवर कोणी दिलेला नाही. मागे राहिलेल्या सहकाऱ्यावर एकच जबाबदारी होती, निरोप घरापर्यंत पोहोचवण्याची. तुमच्याकडेही निरोप आहे. तो आठ वर्षं तुमच्यापाशीच पडून आहे.

तुम्ही त्यांचे ऋणी आहात, यात शंका नाही. पण गुन्हा केल्यासारखं त्या घरापासून लपू नका. तुमच्या लपण्याने त्या घराचंच नुकसान होतंय. बाबा तिकडे कसे होते हे स्वतः पाहिलेला माणूस शेजारच्या गावात राहतो, आणि लेकराला तो काम आहे म्हणून टाळतो.

आता कसं सांगायचं ते. माझं मत असं, की आधी वहिनींकडे जा आणि मुलीशी नंतर बोला. पुण्यतिथीच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी घरात पाव्हणेरावळे असतात. साधा दिवस बघा, घरच्यांना सोबत न्या. बसल्यावर पहिल्यांदा वहिनींनाच विचारा, ‘वहिनी, त्या रात्रीचं मला जे ठाऊक आहे ते ऐकायचंय का तुम्हाला? आज, नंतर कधी, का नकोच?’ त्या नको म्हणाल्या तर नको. ऐकणं न ऐकणं त्यांच्या हातात असू द्या, कारण आजवर या बाबतीत त्यांच्या हातात कुणीच काही ठेवलेलं नाही. त्या हो म्हणाल्या तर तुम्ही स्वतः पाहिलं तेवढंच सांगा. ऐकीव गोष्टी मिसळू नका, गोड करून सांगू नका. जे पाहिलं नाही त्याला ‘मी तेव्हा मागं होतो’ असं म्हणून मोकळे व्हा. पाळीची गोष्टही सांगा, तुमच्या जिवाची घालमेलही सांगा. पण माफी मागायला म्हणून जाऊ नका. माफी मागितली की त्या माउलीला तुमची समजूत काढावी लागेल, आणि तिच्यावर हे ओझं नको.

त्या चिडतील अशी भीती तुम्हाला आहे. चिडतील कदाचित, रडतील, उठून आत जातील. अशा वेळी गप्प बसून राहा. चहा झाल्याशिवाय निघू नका आणि पुढच्या महिन्यात परत जा. वीरनारींशी, म्हणजे शहिदांच्या पत्नींशी, बोलताना मी हे पुन्हापुन्हा ऐकलं आहे, की पहिल्या वर्षी दारात गाड्यांची रांग असते आणि नंतर पलटणीतला माणूसही ओळख दाखवत नाही. त्याचा सल त्यांच्या मनात जास्त खोल असतो.

मुलीच्या बाबतीत उलटीकडून सुरुवात करा. शेवटचं काय झालं हे तिने विचारलं असलं तरी तिच्या हातात डायरी होती, आणि डायरी जगण्याबद्दलची आहे. तुम्हीच लिहिलंय की तिच्यात प्रत्येक पानावर एका जवानाचं आडनाव आणि पुढे दोन-तीन शब्द आहेत. ‘बहीण, वैशाख’. ‘आई, डोळा’. ‘विहीर, खडक लागला’. तुमच्या पानावर ‘सोयाबीन गेलं, सुट्टी आधी’. मुलीला यातलं काही कळत नाही, तुम्हाला सगळं कळतं. कुणाच्या बहिणीचं लग्न वैशाखात होतं, कुणाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, कुणाच्या विहिरीला खडक लागून खर्च वाढला होता, हे टिपून ठेवून साहेब त्या अंदाजाने सुट्ट्या लावायचे. परतीच्या पावसाने तुमच्या रानातलं सोयाबीन काळं पडलं, तेव्हा तुमची सुट्टी अलीकडे ओढून त्यांनी स्वतःची पुढे ढकलली, हेही तुम्ही लिहिलंय. बाबा कसे होते याचं उत्तर त्या पोरीच्या हातातच होतं, फक्त वाचून दाखवणारा माणूस नव्हता. तिच्याजवळ बसा आणि एकेक पान सांगा. एका बैठकीत होणार नाही, घाईही करू नका. तिची हरकत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करू द्या. ज्यांची नावं त्या पानांवर आहेत त्यांच्यातले कितीतरी जण आज तुमच्या फोनमध्ये असतील. त्यांना सांगा, प्रत्येकाने आपल्या पानाबद्दल दोन मिनिटं बोलून पाठवा. हे लवकर करा. माणसं निवृत्त होतात, नंबर बदलतात, आठवणी एकमेकींत मिसळतात. एवढं एक पाळा, की कुठल्या ठाण्यावर किती माणसं होती, गस्त कोणत्या वाटेने जायची, असले तपशील ना रेकॉर्डिंगमध्ये ना भाषणात. ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण ही पानं वाचणाऱ्या इतर माजी सैनिकांसाठी सांगून ठेवते.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात तिला एकदा घेऊन जाता आलं तर बघा. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथल्या त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत, आणि संध्याकाळी शहिदांच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. पलटणीकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. त्याच कार्यालयात मुलीच्या शिष्यवृत्तीचं आणि सैनिकी वसतिगृहाचंही विचारून घ्या. वहिनींना एकट्याने तिथे खेटे घालायला अवघड जातं, तुम्ही सोबत असलात तर कागद लवकर हलतात. शहिदाचं स्मरण म्हणून कुणी मला काय करू असं विचारलं तर मी हे काम आधी सांगते. ज्यांच्या गावात, नात्यात अशी वीरमाता किंवा वीरनारी आहे, त्या सगळ्या वाचकांनी हे स्वतःलाच सांगितलं आहे असं समजावं.

तुमच्या स्वतःबद्दलही थोडं. रात्री दोनला जाग येते आणि मग अंगणात फेऱ्या, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, जणू त्यात विशेष काही नाही. आठ वर्षं झोप नाही ही साधी गोष्ट नाही. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात डॉक्टरांना नेमकं हेच सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. समोरासमोर बोलायला जड जात असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. साहेबांच्या डायरीत तुमच्या नावापुढे ‘झोप’ असं लिहिलेलं असतं, तर त्यांनी तुम्हाला स्वतः एमआय रूममध्ये, पलटणीच्या दवाखान्यात, नेलं असतं.

भाषणाचं उत्तर आता सोपं आहे. भाषण करा, पण समितीने सांगितलेलं नको. किती मारले हा आकडा सांगायला लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्या आकड्यात साहेब कुठेच नसतात. तो कुठल्याही शहिदाला चिकटवता येतो, आणि दरवर्षी एकेकाने वाढतो. तुम्ही सोयाबीनची गोष्ट सांगा. समोर बसलेला प्रत्येक जण शेतकरी आहे, त्याला ती पोटात कळेल. भरतीच्या पोरांना सांगा, की सोळाशे मीटरला साहेब हातात घड्याळ घेऊन शेवटच्या पोराबरोबर पळायचे, पहिल्याबरोबर नाही. हेही तुम्हीच पत्रात लिहिलंय, समासात, बाणाची खूण करून. पाच मिनिटं बोललात तरी पुष्कळ. वहिनींनी परवानगी दिली तरच त्या रात्रीचं बोला, आणि नाही बोललात तरी भाषणात काही उणं पडणार नाही.

राहिला पुतळा. इथे तुमचं एक गृहीत मला तपासून बघावंसं वाटतं. विरोध केला तर साहेबांचा अपमान, गप्प बसलं तर वहिनींवर अन्याय, असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत. पुतळ्याला माझा विरोध नाही. मेलेल्या वीराला दगडात उभं करणं आपल्याकडे फार जुनं आहे. मराठवाड्यात गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ, जुन्या महादेवाच्या देवळामागे वीरगळ दिसतात. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा चोरांनी पळवलेली गुरं आणि त्यांच्यामागे धावणारा वीर, वरच्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. करणाऱ्याने मोठ्या भक्तीने केलं आहे. पण बहुतेकांवर नावच नाही. गाव त्या दगडाला शेंदूर लावतं, नारळ फोडतं, आणि तो कोण होता हे गावातल्या कुणालाच सांगता येत नाही. आपल्या कितीतरी तालुक्यांतली मुक्तिसंग्रामाची हुतात्मा स्मारकं बघा. १७ सप्टेंबरला झेंडा लागतो, एरवी कुलूप. दगड टिकवण्यात आपण वाकबगार आहोत, माणूस कसा होता हे टिपून ठेवण्यात फार कच्चे. म्हणून माझं म्हणणं, की आधी साहेबांची हकीगत लिहून काढा, घरच्यांकडून वाचून घ्या, आणि तिच्या छापील प्रती गावातल्या शाळेत आणि वाचनालयात ठेवा. त्यानंतर पुतळा व्हायचा तर होऊ दे.

समितीशी बोलताना भावनेपेक्षा कामाचं बोललात तर ऐकतील. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्य सरकारांना बजावलेलं आहे. राज्य सरकारचीही पुतळ्यांसाठी नियमावली आहे. जागेची मालकी, ग्रामपंचायतीचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परवानगी, पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, आणि पुढे देखभाल कोण करणार याची हमी, हे सगळं लागतं. चौकात रातोरात बसवलेला पुतळा पोलीस बंदोबस्तात झाकून ठेवायची वेळ येते, तेव्हा गावाची दोन गटांत फाळणी होते आणि शहिदाचं नाव प्रत्येक गट आपल्या बाजूने ओढतो. तुमच्या समितीत ‘साहेब आमच्या समाजाचे’ अशी भाषा सुरू झाली आहे, असं तुम्ही लिहिलंत. हे वेळीच थांबवू शकेल असा माणूस मला तुमच्याशिवाय कुणी दिसत नाही. पलटणीच्या एका लंगरमध्ये, म्हणजे भोजनघरात, कोण कोण जेवत होतं आणि त्या डायरीत कुठली कुठली आडनावं आहेत, हे तुम्ही बैठकीत फक्त वाचून दाखवा. वाद घालायची गरजच पडणार नाही.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात अर्धपुतळा, त्याखाली खरी माहिती कोरलेली, आणि उरलेल्या पैशात भरतीच्या पोरांसाठी कालव्याच्या कडेला नीट धावपट्टी आणि रात्री अभ्यासाला एक खोली, असंही होऊ शकतं. पण हे मी सुचवतेय आणि मी त्या गावची नाही. वहिनींना काय वाटतं हे मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, समितीला तर नाहीच. त्यांना कदाचित पूर्णाकृती पुतळाच हवा असेल. नवऱ्याला रोज येता-जाता बघायची इच्छा असू शकते, आणि तसं असेल तर तुम्ही त्यांच्या बाजूने उभं राहायचं. एखाद्या वर्षी फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो साहेबांच्या फोटोपेक्षा मोठे लागले म्हणून त्या कार्यक्रमाला आल्या नव्हत्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून त्यांना मत आहे आणि ते ठाम आहे एवढं मला कळतं.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. त्या महिला सभेत वहिनींना बोलता येईल, तिथे पुरुष मंडळींसमोर उभं राहायचा संकोच नसतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत स्मारकाचा विषय येणार असेल तर त्याआधी सरपंचांना भेटा आणि कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय ठराव घेऊ नका एवढी एकच मागणी करा. वहिनींचं म्हणणं त्यांच्या शब्दांत, त्यांच्या सहीने कागदावर घ्या. ग्रामसभेत ते वाचायला त्या स्वतः तयार असतील तर उत्तम. नसतील तर तुम्ही वाचा.